परवानगीच्या शहरातली गाणी

मार्च 2024 मध्ये टेलर स्विफ्टने सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियमवर सहा कार्यक्रम केले. आग्नेय आशियात तिचा हा एकच मुक्काम, आणि त्यासाठी सरकारने अनुदानही दिलं होतं. त्याच शहरात स्वतःची गाणी रचणारा गिटारवादक दुपारी शिकवण्या घेतो, रात्री लग्नात नाहीतर बारमध्ये फर्माइशीची जुनी गाणी वाजवतो आणि उरल्या वेळात तासाच्या भाड्याने जॅमिंग स्टुडिओ घेतो. घरी सराव कुठला करणार? बहुतेक शहर एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारतींत राहतं. ड्रम वाजला की शेजाऱ्यांची तक्रार ठरलेली. त्यात मुलग्यांना ऐन उमेदीत सुमारे दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा. शाळा-कॉलेजात जमलेले कितीतरी बँड तिथेच विस्कटतात.

तरीही ‘सरकार कलेचा गळा घोटतं’ हे सोपं उत्तर मला पटत नाही. 1972 मध्ये लांब केसांपायी लेड झेपेलिनचा कार्यक्रम होऊ शकला नाही, तो काळ मागे पडला. आज नॅशनल आर्ट्स कौन्सिल अनुदानं देतं, एस्प्लनेड या कलाकेंद्राचा बेबीट्स महोत्सव स्थानिक बँडना चांगला मंच देतो, चाचणीत उतरलात तर रस्त्यावर गाण्याचाही परवाना मिळतो. आबाळ म्हणावी अशी नाही. पण अनुदानाच्या अर्जात आपण काय करणार हे आधीच लिहून द्यावं लागतं. जे अजून आपलं आपल्यालाच उमगलेलं नाही, ते कच्चं, बेसूर, कदाचित फसणारं काम करायचं कुठे?

तशी एक जागा होती. नाटककार क्वो पाओ कुन यांनी 1990 मध्ये आर्मेनियन स्ट्रीटवर ‘सबस्टेशन’ सुरू केलं. आपल्याकडच्या वाचकाने दादरचं प्रायोगिक नाटकांचं छबिलदास आठवावं. तिथल्या बागेत पंक आणि मेटलचे बँड वाजत. पुढे भाड्याच्या उत्पन्नासाठी तीच बाग एका रेस्टॉरंटला गेली. गाणी तिथेही होत, पण जेवणाऱ्यांच्या सोयीने. नूतनीकरणानंतर इमारत एकट्या सबस्टेशनच्या ताब्यात राहणार नव्हती; 2021 मध्ये त्यांनी ती सोडलीच. कोविडकाळात बारमधलं थांबलेलं वादन 2022 मध्ये परत सुरू झालं. सबस्टेशनची जागा मात्र गेली ती गेली, आणि माझ्या लेखी ते नुकसान मोठं आहे.

मग सुचायचं कुठून? सिंगापूरचे चांगले कलावंत शहराच्या कडेला जातात. गायिका इंच चुआ 2015 मध्ये पुलाऊ उबिन बेटावर राहून गाणी लिहून आली. सबसॉनिक आय या बँडचा ‘नेचर ऑफ थिंग्ज’ (2021) हा अल्बम रानातल्या भटकंतीतून आला. त्यातली खणखणीत गिटार मोकळ्या हवेची वाटते. सर्वांत लांबचा पल्ला द ऑब्झर्व्हेटरीचा. 2001 मध्ये जमलेल्या या बँडने हळुवार गाण्यांपासून सुरुवात केली, 2015 च्या ‘कंटिन्युअम’मध्ये बालीच्या गॅमेलान वाद्यवृंदाला रॉकशेजारी बसवलं आणि 2022 मध्ये सिंगापूर आर्ट म्युझियममध्ये चक्क बुरशीला सोबत घेऊन प्रदर्शन मांडलं. हे धाडस मला कुठल्याही सफाईदार पॉपपेक्षा मोलाचं वाटतं.

तक्रार आहे ती निराळी. एचडीबीच्या मोकळ्या तळमजल्यांवर, ‘व्हॉइड डेक’वर, मलय लग्नात कोम्पांग हा डफ घुमतो आणि चिनी अंत्यविधीत झांजा वाजतात, त्यालाही परवाना लागतोच. इंग्रजीत गाणाऱ्या कलावंतांना बेट सापडलं, रान सापडलं, बुरशीसुद्धा सापडली. लिफ्टमधून उतरताना रोज कानावर पडणारं हे संगीत मात्र त्यांच्या गाण्यांत फारसं ऐकू येत नाही.