खार सुटताना

मे महिना सरत आला की ठाकूरद्वारच्या जुन्या चाळींत अडकित्त्याचा कटकट आवाज सुरू होतो. लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या जात असतात. हा भागच लोणच्या-मसाल्याचा. बेडेकरांनी 1910 साली दुकान थाटलं ते गिरगावातच. पण बरणी भरण्याआधी परातीत जे घडतं, ते नीट पाहिलंत का कधी?

आमच्या शेजारच्या काकू कैरी धुऊन कोरडी पुसतात आणि फोडींना आधी फक्त मीठ-हळद चोळतात. तेल जवळही येऊ देत नाहीत. ही पहिली नजाकत. मीठ तेलात विरघळत नाही, त्याला पाणी लागतं आणि ते पाणी फोडीनंच द्यायचं असतं. थोड्याच वेळात कापलेल्या कडेवर घामासारखे थेंब उभे राहतात. तासाभरानं परात कलती केली की पिवळसर, आंबट पाणी एका बाजूला जमतं. खार सुटला!

शाळेच्या पुस्तकात याचं नाव परासरण. कैरीच्या प्रत्येक पेशीला जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचं पटल असतं. ते पाण्याला जाऊ देतं, मिठाला सहजी शिरू देत नाही. बाहेर मीठ दाटलं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. या पटलात पाण्यासाठी प्रथिनांच्या खास वाटा आहेत. त्यांचा छडा पीटर ॲग्रे यांनी 1992च्या सुमारास लावला आणि 2003 साली त्यांना नोबेल मिळालं. वाट इतकी अरुंद, की रेणू एकामागे एक असेच जातात. तरी एकेका वाटेतून सेकंदाला अब्जावधी. परातीतल्या त्या ओंजळभर पाण्यामागे केवढी शिस्तबद्ध रांग!

आता फोड बोटांत धरून पाहा. ती थोडी लवते, पण आकार मोडत नाही. आतलं पटल आक्रसून भिंतीपासून सुटलेलं असतं, याला रससंकोच म्हणतात. बाहेरची पेशीभित्तिका मात्र जागची हलत नाही. लोणच्याच्या फोडीचा करकरीतपणा हा त्या भिंतीचा. काही दिवसांत पेशी मरतात, पटलाची राखण संपते आणि मग मीठ-मसाला आत उतरतो. ‘मुरणं’ म्हणतात ते हेच. आधी बाहेर येणं, मग आत जाणं. हा क्रम काकूंच्या हाताला पाठ आहे.

सुटलेला खार त्या टाकत नाहीत, त्यातच मोहरीची पूड फेसतात. मला सगळ्यात आवडतो तो हा क्षण. अख्खी मोहरी मुकी असते, कारण तिचा झणका ज्या दोन गोष्टींच्या भेटीतून जन्मतो, त्या वेगवेगळ्या पेशींत बंद असतात. कुटल्यावर आडोसे मोडतात, पाणी लागतं आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं. पटलं शाबूत ठेवून कैरीचं पाणी काढायचं, पटलं फोडून मोहरीला बोलकं करायचं, आणि दोन्ही एकाच परातीत!

वरून गार केलेली हिंगाची फोडणी, बरणीला दादरा. पंधरवड्यानं काकू एक फोड काढतात, सालीकडून दाताखाली धरतात, क्षणभर थांबतात.

“अजून आठ दिवस,” म्हणतात, आणि दादरा पुन्हा आवळतात.