इब्न अरबींचे वारसदार

ऑक्सफर्डची मुहियुद्दीन इब्न अरबी सोसायटी 1977 मध्ये स्थापन झाली. 1982 पासून तिचे नियतकालिक निघते, परिसंवाद होतात, हस्तलिखितांच्या प्रती गोळा होतात. काम मोलाचे आहे. 1979 साली इजिप्तच्या संसदेने ‘फुतूहात-ए-मक्किया’वर बंदी घातली होती (ती पुढे उठली), हे आठवले की अशा अभ्यासपीठाची गरज पटते.

तरी आमची एक तक्रार आहे. या अभ्यासातून पुष्कळदा समोर येणारे शेख फार सौम्य, कुणालाही चालतील असे वाटतात. त्याच ‘फुतूहात’मध्ये वुजू, नमाज, जकात, रोजा, हज यांवर सविस्तर प्रकरणे लिहिणारा आलिम मागे पडतो. ‘वहदतुल वुजूद’ तेवढा सगळ्यांच्या तोंडी. गंमत म्हणजे परिभाषा म्हणून तो शब्द रूढ केला शेखांच्या मागून आलेल्यांनी!

आणि आम्ही? वर्गात पोराने त्याचा अर्थ विचारला की पाठ केलेली दोन वाक्ये सांगून मोकळे होतो. मखदूम अली माहिमींनी (मृत्यू 1431) ‘फुसूसुल हिकम’वर अरबीत शरह लिहिली. आपल्या मुंबईतल्या माहीमचे हे बुजुर्ग. त्यांच्या दर्ग्यावर आम्ही नेमाने चादर चढवतो. त्या शरहचे एक पान तरी उघडले आहे का आम्ही? ऑक्सफर्डला बोल लावताना जीभ अडखळते ती इथे.