मावळ्यांची डोकी

दिवाळीत आमच्या निरवांगीच्या अंगणांतून मातीचे किल्ले उठतात आणि बाजारचे मावळे त्यांवर पहारा करू लागतात. किल्ले झकास असतात; तक्रार आहे ती डोक्यांबद्दल. सगळ्यांना तीच लाल, तयार बांधणीची, पेशवाई थाटाची पगडी! शंभर वर्षांचे अंतर एका साच्यात दाबून टाकलेले. अर्थात मूर्तिकारालाच कशाला बोला? वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली अस्सल चित्र उजेडात आणीपर्यंत थोरामोठ्यांनीही इब्राहिमखान नावाच्या भलत्याच गृहस्थाला शिवाजीमहाराज मानले होते. अस्सल डच संग्रहांतल्या चित्रांत खुद्द महाराजांच्या मस्तकी गुंडाळलेले पागोटे आहे, वर तुरा. मग दसऱ्याला नांगर ठेवून मोहिमेवर निघणाऱ्या कुणब्याला पेशवाई पगडी कोठली? त्याचे मुंडासेच; रोज हाताने गुंडाळायचे, आणि म्हणून प्रत्येकाचे निराळे. साच्यातून हा कुणबीच निसटला आहे. मुलांनी त्याला परत आणावे. पगडी पत्र्याने हलकेच खरवडावी, खळीत भिजवलेल्या चिंधीची वळी करून तीन वेढे द्यावेत, टोक मानेवर सोडावे. रंग मात्र पुरता वाळल्यावरच. नाहीतर गेरू कपाळावर ओघळतो.