जेथे गाडी थांबत नाही

प्रवासवर्णन हा आपल्या वाङ्मयातील सर्वांत सोपा समजला जाणारा प्रकार. कथेच्या वाटेस जो कधी जाणार नाही असा गृहस्थही परदेशाहून परतला की लेखणी हाती घेतो, आणि संपादकही त्यास सहसा विन्मुख पाठवीत नाहीत. त्यातही एका दिवसाच्या सहलीवरील लेखांचे पीक अलीकडे उदंड आहे. सकाळी आठास गाडीत बसावे, पाच-सहा स्थळे पाहावी, सायंकाळी उतरावे आणि ‘बेट पाहिले’ असे लिहावे. अशा लेखनाची समीक्षा कोणी करीत नाही. ती करावी असे वाटण्यास एक व्यक्तिगत कारण घडले. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात प्रस्तुत लेखकच उभा असल्याने इतर कोणी रागावण्याचे कारण नाही.

दोन वर्षांपूर्वी मॉरिशसला जाण्याचा योग आला. तेथे बेटाच्या नैर्ऋत्य भागाची एक दिवसाची सफर केली आणि परतल्यावर शाळेच्या वार्षिक अंकात तिचे वर्णन लिहिले. क्यूरपीप येथील त्रू ओ सेर्फ हे निद्रिस्त ज्वालामुखीचे मुख, गंगातलाव आणि तेथील २००७ साली उभारलेली शंकराची उत्तुंग मूर्ती, ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या, शामारेलचा धबधबा व तेथील सप्तरंगी माती, शेवटी ल मॉर्न पर्वताच्या पायथ्याचा समुद्रकिनारा, असा तो क्रम. परवा काही निमित्ताने तो लेख पुन्हा वाचला. ‘नयनरम्य’ हा शब्द चार वेळा, ‘डोळ्यांचे पारणे’ दोनदा आणि ‘निसर्गाने मुक्तहस्ताने’ एकदा आढळला. विद्यार्थ्याच्या वहीत हे दिसते तर मी तांबड्या शाईने अधोरेखित केले असते.

परंतु विशेषणांचा दोष लहान. मोठा दोष रचनेचा आहे. त्या लेखात वर्णन सुरू होते ते गाडी थांबल्यावर, आणि संपते ती सुटल्यावर. दोन स्थळांमधील प्रदेश, म्हणजे ज्याला खरोखर बेटाचा ग्रामभाग म्हणावे तो सारा, ‘दुतर्फा हिरवीगार उसाची शेते’ या चार शब्दांत आटोपला आहे. लेखाची घडण माझी नव्हतीच. सहल-कंपनीच्या वेळापत्रकाने ती मला तयार दिली होती. मी फक्त रिकाम्या जागा विशेषणांनी भरल्या.

त्या शेतांत काय होते? ऊस तर होताच. बेळगाव-निपाणीकडील माणसास तो काही नवा नाही. नवे होते ते उसाच्या मधोमध उभे असलेले काळ्या दगडांचे ढीग. काही घराएवढे उंच, काही पायऱ्यापायऱ्यांनी नीट रचलेले. हे बेट ज्वालामुखीतून उपजलेले. जमिनीत जिकडेतिकडे काळा दगड. ऊस लावावयाचा तर आधी तो वेचावा लागे. फ्रेंचांच्या अमलात तो गुलामांनी वेचला. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. तत्पूर्वीच, १८३४ पासून, करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून जाऊ लागले होते. पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक मजूर या बेटावर उतरले आणि दगड वेचणे त्यांच्या वाट्यास आले. शेतातील दगड बांधावर टाकणे आपल्याकडेही चालते. पण बांधाचा डोंगर होण्यास किती हात लागले असतील, याचा विचार शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मला त्या दिवशी एकदाही शिवला नाही. दिवसभर ते ढीग खिडकीतून जात होते. लेखात एकही नाही. शामारेलच्या मातीचे रंग लोहाच्या व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे आले, हे मात्र वाटाड्याने सांगितल्याबरहुकूम उतरवले आहे.

हे अटळ आहे काय? एका दिवसात याहून अधिक दिसणेच शक्य नाही, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर याच बेटावर घडणाऱ्या एका कादंबरीत आहे. बेर्नार्दँ द सँ-प्येर हा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात अभियंता म्हणून येथे होता. १७७३ साली त्याने आपल्या वास्तव्याचे पत्ररूप वर्णन प्रसिद्ध केले, त्यात गुलामांच्या हालांवर स्पष्ट लिहिले. १७८८ ची त्याची ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी मात्र भाबड्या निसर्गप्रेमाची म्हणून ओळखली जाते, आणि ती कीर्ती सर्वस्वी अनाठायी नाही. तिच्यातील अश्रूंचा पूर आजच्या वाचकास सोसणे कठीण. तरी तिच्यात एका दिवसाची एक सफर आहे, ती पाहावी. ब्लॅक रिव्हरच्या एका धनिकाकडून पळालेली गुलाम स्त्री मुलांच्या दारी येते. व्हर्जिनी घरची न्याहारी तिला देते, आणि दोघे मुले तिला घेऊन मालकाकडे क्षमा मागावयास पायी निघतात. डोंगर, रान, नदी, सारे निसर्गवर्णन त्या चालण्यात येते. पण प्रत्येक वळणास हेतू आहे, म्हणून प्रत्येक वळण दिसते. मालक क्षमेचे वचन देतो. परतताना मुले वाट चुकतात, भुकेने व्याकुळ होतात. अखेर त्यांना खांद्यावरून घरी पोचवतात ते रानात दडलेले पळपुटे गुलामच. आणि तेव्हाच कळते की, त्या स्त्रीच्या पायात साखळी घालून तिला ओंडक्याशी जखडले आहे.

वचनाचा हा शेवट लेखकाने व्याख्यान न देता एका निरोपातून सांगितला, यात त्याचे सामर्थ्य आहे. आमची गाडी ब्लॅक रिव्हर गावातून सायंकाळी साडेचारच्या सुमारास गेली. आम्ही तेव्हा गाण्यांच्या भेंड्या खेळत होतो.

मार्क ट्वेन १८९६ मध्ये येथे आला होता. मॉरिशस आणि स्वर्ग यांची तुलना करणारे त्याच्या नावावरचे प्रसिद्ध वाक्य जाहिरातीत सर्वत्र आढळते. मीही त्याचा उल्लेख केला. मूळ ग्रंथ पाहिला तर ते वाक्य त्याचे नाही. एका रहिवाशाचे मत म्हणून तो ते नोंदवतो, आणि ही अतिशयोक्ती असल्याचे दुसऱ्या रहिवाशाचे मतही लगेच सांगतो. पाहण्याआधीच मिळालेल्या स्तुतीकडे विनोदी लेखक तिरप्या नजरेने पाहतो. आपण ती पाठ करतो.

आपल्या भाषेत उदाहरणे नाहीत असे नाही. गोडसे भटजी काही पाहावयास निघाले नव्हते, द्रव्यार्जनासाठी निघाले होते. म्हणूनच कदाचित ‘माझा प्रवास’मध्ये वाटेवरचे सारे आले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) व ‘पूर्वरंग’ने (१९६३) या प्रकारास अपार लोकप्रियता दिली. अनुकरण करणाऱ्यांनी त्यांतील विनोद उचलला, माणसाकडे पाहण्याची दृष्टी तेथेच ठेवली.

त्या अनुकरणाचा माझा वाटा सांगावयाचा राहिला. आमच्या गाडीचा चालक मराठी समाजातील होता. घरी क्रेओल बोलणारा, परंतु शाळेत मराठी शिकलेला. परतीच्या वाटेवर कास्काव्हेल आले तेव्हा त्याने हळूच सांगितले की, येथे आपल्या लोकांची जुनी वस्ती आहे, गणपती मोठा होतो. मग उसातल्या दगडांकडे हात करून एक वाक्य बोलला: ‘आमचे मोठे लोक हे केले.’ माझ्या लेखात हे वाक्य आहे. विनोद म्हणून आहे. चार पिढ्यांनंतर मराठीची विभक्ती कशी ढळते याचा नमुना म्हणून मी ते दिले, आणि अंक वाचून आमचे सहकारी मनसोक्त हसले. तो काय सांगत होता हे विचारावयाचे माझ्यासह कोणासही सुचले नाही.

तो अंक शाळेच्या ग्रंथालयात बांधून ठेवला आहे. नववीच्या मुलांना ‘आमची सहल’ या निबंधासाठी नमुना म्हणून शिक्षक तोच लेख काढून देतात, असे मला नुकतेच कळले. मुख्याध्यापकांचा लेख, त्यास नाही कोण म्हणणार? त्याच्या शेजारी ठेवता यावा म्हणून ब्लॅक रिव्हरचा तो प्रसंग इंग्रजी भाषांतरावरून मराठीत उतरवावयास घेतला आहे. मुले परतीच्या वाटेला लागून नदीपर्यंत आली आहेत.