गेरासिमचे पाय कोणाच्या खांद्यावर?

टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ ची दीर्घकथा मी वर्गात शिकवतो. न्यायखात्यातला बडा अधिकारी इव्हान ४५ व्या वर्षी मरणपंथाला लागतो. दुखणे मूत्रपिंडाचे की आंत्रपुच्छाचे, एवढाच डॉक्टरांचा प्रश्न. घरचे लोक तो बरा होणार असे खोटेच बोलत राहतात. खोटे बोलत नाही तो गेरासिम, खेड्यातून आलेला तरुण नोकर. तो इव्हानची घाण काढतो, आणि दुखणे हलके व्हावे म्हणून त्याचे पाय रात्ररात्र आपल्या खांद्यावर घेऊन बसतो.

गेरासिम म्हणजे निर्मळ साधेपणाचे प्रतीक, असे एम.ए.ला असताना मी टिपणात उतरवून घेतले होते. पुढे बाप वारला आणि ते टिपण मला पुरेना. बाप गेला तो दवाखान्याच्या व्हरांड्यात, जमिनीवर. त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. खाटच नव्हती, तर खाटेचा नंबर तरी कुठून असणार? त्याच्या बापाने महारकीत गावच्या मयताची वर्दी परगावी पोचवली होती, सरणाची लाकडे वाहिली होती. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. पण दुसऱ्यांचे मरण वाहणाऱ्यांच्या मरणाला कोण आले?

आपली वेळ येईल तेव्हा आपल्यासाठीही कोणी एवढे कष्ट करील, अशी गेरासिमला आशा आहे. टॉलस्टॉय ती आशा तिथेच सोडतो. इव्हानला अखेरीस प्रकाश दिसतो. गेरासिमचे मरण कथेबाहेर राहते. मरणाऱ्याला काय हवे असते हे टॉलस्टॉयने अचूक ओळखले, हे मान्यच. पण सेवा हा त्याने गरिबाचा सद्गुण केला, माणसाचा हक्क केला नाही. आपल्याकडे जातीने तर ती सद्गुणही मानली नाही, नेमून दिलेले काम केले.

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला मरणासन्नांसाठी रुग्णालय काढले. शरीराबरोबर मनाची, नात्यांची, पैशाच्या काळजीची वेदनाही त्यांनी उपचारात धरली. केरळने २००८ मध्ये याविषयी सरकारी धोरण केले. तिथे पंचायतीच्या योजनेतून परिचारिका अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी जाते. म्हणजे गेरासिमची आशा धोरणातही उतरू शकते. मग ती दयेवर का सोडायची?

वरचा प्रश्न परीक्षेत येत नाही. मी मात्र तो दरवर्षी वर्गात विचारतो.