समुच्चय आणि संकर : जव्हार-मोखाड्याच्या उपासनेतून मिळणारा एक निकष

मराठी धर्मविचारात व समीक्षेत ‘समन्वय’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. दोन भिन्न परंपरांतील ध्यान, जप, प्रार्थना वा व्रत एकत्र आलेले दिसले की त्यास समन्वय म्हणावयाचे आणि उदारतेचे लक्षण म्हणून त्याची प्रशंसा करावयाची, असा जणू संकेतच झाला आहे. परंतु एकत्र येणे हे एकाच प्रकारचे नसते. जेथे प्रत्येक घटक आपल्या अंगांसह अखंड राहतो व दुसऱ्याच्या शेजारी उभा राहतो, तेथे समुच्चय असतो. जेथे घटकांचे तुकडे पाडून त्यांतून तिसरेच काही जुळविले जाते, तेथे संकर असतो. आज पहाटे विपश्यना, सायंकाळी नामजप आणि अधूनमधून सूफी जिक्र वा ख्रिस्ती मौनप्रार्थना असा क्रम स्वतःच ठरविणारे साधक शहरांतून आढळतात. त्यांच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नाही. साधना हितकर ठरणार की अपायकारक, हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे. या प्रश्नाचा विचार करताना पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांकडे अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः तेथील उपासनापद्धती या बाबतीत विशेष उद्बोधक आहेत.

प्रथम बोहाडा घेऊ. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आदी समाजांच्या या मुलखात उन्हाळ्याच्या दिवसांत रात्रभर चालणारा हा सोंगांचा उत्सव सुप्रसिद्ध आहे. त्यात गणपती व शारदा आरंभी येतात. पुढे मारुती, नरसिंह, रावण इत्यादी पुराणांतील व रामायणातील सोंगे येतात, तशीच स्थानिक दैवतांचीही येतात. आणि देवी व महिषासुर यांचे युद्ध हा उत्सवाचा परमोत्कर्ष असतो. पुराणपरंपरा व ग्रामदैवतांची परंपरा येथे एकाच वाटेवर, एकाच उजेडात नाचतात. तथापि त्या एकमेकींत मिसळत नाहीत. प्रत्येक सोंगाला त्याची पाळी आहे, त्याचा मुखवटा आहे, त्याची चाल आहे. आणि अनेक ठिकाणी विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे परंपरेने चालत आलेला आहे. एक सोंग नाचून मागे गेल्यावर दुसरे पुढे येते. अर्धा मुखवटा नरसिंहाचा व अर्धा मारुतीचा, असे कोणी करीत नाही. अनेक दैवतांची गर्दी असूनही बोहाडा विस्कळीत होत नाही, याचे कारण या क्रमात आहे.

वारल्यांच्या विवाहविधीत हीच शिस्त निराळ्या रूपाने दिसते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढावयाचा तो सवाशिणींनी. मध्यभागी पालघट देवी. विवाहाची गाणी म्हणावयाची ती धवलेरीने. देवांना बोलावणे हे भगताचे काम. धवलेरी ही स्त्री-पुरोहित असल्याने तिचा उल्लेख बहुधा नवलाईने केला जातो. परंतु महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. चौक, गाणे व आवाहन ही तीन कर्मे तीन अधिकाऱ्यांकडे आहेत, आणि एकाचे काम दुसरा परस्पर करीत नाही. भगताच्या अंगी वारे येते तेव्हा ते ओळखणारी व शांत करणारी माणसे भोवती असतात. ज्या देवतेला बोलाविले तिला निरोपही द्यावयाचा, हा जाणतेपणा आवाहनविसर्जनाच्या संस्कृत विधींत जेवढा आहे तेवढाच येथेही आहे.

भाषाव्यवहाराशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. या भागातील मूल घरी वारली वा कोकणा बोलते आणि शाळेत मराठी. दोन भाषा जाणल्याने त्याचे नुकसान होत नाही. उलट लाभच होतो. कारण प्रत्येक भाषेचे व्याकरण त्याच्या मनात पूर्ण असते आणि कोणती कोठे बोलावयाची हेही त्यास ठाऊक असते. ज्याला एकीचे प्रत्यय व दुसरीचे मोजके शब्द एवढेच येतात, त्याला मात्र कोणत्याच भाषेत मनातले नीट सांगता येत नाही. उपासनेलाही व्याकरण असते : तिचा काळ, तिचा अधिकारी, तिचे शब्द आणि तिचा शेवट. हे चार घटक कायम असतील तर माणूस दोन उपासना जाणू शकतो.

संकराचा धोका केवळ साधकाला नसतो; दुर्बल परंपरेलाही असतो. वारल्यांचा नारनदेव म्हणजे नारायणच, हिमाई म्हणजे पार्वतीच, अशी समीकरणे सद्हेतूने मांडली जातात. ‘नारन’ हा शब्द ‘नारायण’ या शब्दाशी जोडता येईलही. पण शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. नारनदेव हा पावसाचा देव आहे, आणि त्याचे स्थान कणसरी, हिरवा, वाघदेव यांच्या परिवारात आहे. त्याला त्या परिवारातून उचलून दशावताराच्या ओळीत बसविले की शब्द उरतो, देव जातो. अशा समन्वयात देवघेव होत नाही. बलवान भाषा दुर्बल भाषेचे शब्द आपल्या कोशात घालते एवढेच. ज्या परंपरेजवळ ग्रंथ नाही, केवळ धवलेरीचा कंठ व भगताची स्मृती आहे, तिच्या बाबतीत ही हानी भरून येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मोखाड्याहून घाट चढून पूर्वेस गेल्यास त्र्यंबकेश्वर लागते. तेथे निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि पौष वद्य एकादशीस वारकऱ्यांची यात्रा भरते. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना व त्यांच्याकडून ज्ञानदेवांना उपदेश मिळाला, ही परंपरा सर्वश्रुत आहे. नाथांचा योग व विठ्ठलभक्ती यांचा तेथे खरोखर संगम झाला. मग त्यास संकर म्हणून त्याज्य मानावयाचे काय? तसे म्हणता येणार नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीयोगाचे सविस्तर वर्णन आहे, पण बाराव्या अध्यायात भक्तिमार्गाची श्रेष्ठता निःसंदिग्ध आहे. योग घेतला गेला तो भक्तीच्या व्याकरणात. शिवाय हा संगम एकाच गुरुपरंपरेत झाला व पिढ्यानुपिढ्यांच्या आचरणाने तो पारखला गेला. मराठीने फारसी शब्द घेतले आणि त्यांना आपले विभक्तिप्रत्यय लावले, तसेच हे आहे. सारांश, उसनवारी निषिद्ध नाही. घेणाऱ्याचे व्याकरण टिकले पाहिजे.

त्याच घाटमाथ्यावर इगतपुरीस विपश्यनेचे केंद्र आहे. ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले. इगतपुरीस १९७६ पासून शिबिरे होऊ लागली. तेथील दहा दिवसांच्या शिबिराचा एक नियम लक्षणीय आहे. त्या काळात जप, माळ, पूजा, प्रार्थना व इतर ध्यानपद्धती स्थगित ठेवाव्या लागतात. त्यांची निंदा केलेली नाही. पद्धतीची शुद्ध परीक्षा व्हावी व मिश्रणाने साधकाची हानी होऊ नये, हा हेतू सांगितला आहे. गंभीर मनोविकार असलेल्यांना हे शिबिर योग्य मानले जात नाही, हेही तेथे स्पष्ट केलेले असते. हा नियम काहींना संकुचित वाटतो. परंतु बोहाड्यातील पाळीचे तत्त्व ते हेच : एक सोंग नाचत असता दुसऱ्याने वाटेत येऊ नये.

२०१७ साली लिंडाल, ब्रिटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्ध परंपरांत ध्यान करणाऱ्या सुमारे ६० पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवर आधारलेले संशोधन प्रसिद्ध केले. भय, निद्रेतील बदल, संवेदनांतील व स्वत्वाच्या जाणिवेतील फरक असे कठीण अनुभव त्यात नोंदविले आहेत. ते संशोधन मिश्रणाविषयी नव्हते. तथापि एकच अनुभव कोणी प्रगती मानतो तर कोणी व्याधी, आणि हा अर्थ साधकाच्या भोवतालच्या चौकटीवर अवलंबून असतो, हे त्यातून दिसते. तीन परंपरांचे तुकडे जुळविणाऱ्या साधकाला रात्री झोप येईनाशी झाली तर त्याने कोणास विचारावे? एक गुरू त्यास शुभचिन्ह म्हणेल, दुसरा प्रमाद. वारे आलेल्या भगताभोवती जाणती माणसे असतात. या साधकाभोवती कोणी नसते. संकराचा प्रत्यक्ष धोका या एकटेपणात आहे. अशा वेळी साधना थांबवून प्रथम वैद्याचा सल्ला घेणे, यात श्रद्धेचा भंग नाही.

म्हणून दोन उपासना एकत्र आणू पाहणाऱ्याने चार गोष्टी तपासाव्यात. दोहोंचा काळ स्वतंत्र आहे काय? प्रत्येकीचा जाणकार मार्गदर्शक उपलब्ध आहे काय, आणि दुसरीविषयी त्याला सांगितले आहे काय? आरंभलेली साधना रीतसर संपविता येते काय? आणि जिच्याकडून घेतले, त्या परंपरेचे नाव व अर्थ तिच्यापाशीच राहिले आहेत काय? पहिल्या तीन प्रश्नांत साधकाचे क्षेम आहे, चौथ्यात परंपरेचे. ‘समन्वय’ हे विशेषण या चारही कसोट्यांनंतरच लावावे. मोखाड्याच्या सोंगांनी व वारल्यांच्या धवलेरीने हा विवेक कोणत्याही ग्रंथावाचून जपला आहे. ग्रंथ लिहिणाऱ्यांनी तो त्यांच्याकडून शिकणे हे औदार्य नव्हे, कर्तव्य आहे.