वाङ्मयातला कुत्रा आजारी का पडत नाही?

आपल्या वाङ्मयातला कुत्रा मरतो, पण आजारी पडत नाही. धन्यावर फणा काढलेल्या नागाला तो आडवा जातो, चोराची कुऱ्हाड अंगावर घेतो, नाहीतर सरणाशी अन्नपाणी सोडून प्राण देतो. सगळे एका रात्रीत आटोपते. त्याच्या अंगावर गाठ येत नाही, जखमेला वास येत नाही, पायरी चढताना मागचे पाय लटपटत नाहीत. 'माझा आवडता प्राणी' हा निबंध तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. 'इमानी' हा शब्द बहुतेक वह्यांत पहिल्या दोन ओळींतच भेटतो. पोरांना तो पुस्तकांनी दिला आहे. इमान मोजायचे ते कुत्र्याचे, माणसाचे नव्हे, असे जणू ठरूनच गेले आहे. मुळापाशी जाऊन पाहावे, तर तिथे मात्र निराळेच दिसते.

महाभारताच्या आरंभी एक कुत्रा आहे आणि अखेरीस एक. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पोर येते आणि राजाचे तिघे भाऊ त्याला मारून हाकलतात. हविर्द्रव्य त्याने चाटलेले नसते, तिकडे पाहिलेलेही नसते. सरमा स्वतः सत्रात येऊन विचारते, माझ्या पोराचा अपराध काय? कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की न दिसणारे भय तुझ्यावर येईल. राजा या शापाने हादरतो आणि शांतीसाठी पुरोहित शोधत फिरतो. एका कुत्रीने राजाला भर सत्रात जाब विचारावा, हा प्रसंग आपण कथाकीर्तनातून जवळजवळ गाळूनच टाकला आहे.

महाप्रस्थानिक पर्वातला दुसरा कुत्रा सर्वांच्या परिचयाचा. पण तिथला युक्तिवाद कुणी नीट वाचत नाही. इंद्र म्हणतो, तू द्रौपदीला सोडलेस, भावांना सोडलेस, मग या कुत्र्याचाच एवढा मोह का? धर्मराजाचे उत्तर अगदी वकिली नेमकेपणाचे आहे. मेलेल्यांशी सख्य नाही आणि वैरही नाही. त्यांना परत उठवणे माझ्या हातात नव्हते. जिवंत असताना मी त्यांना सोडलेले नाही. म्हणजे त्यागाचा प्रश्न उभा राहतो तो जिवंत जिवाच्याच बाबतीत. इथे परीक्षा माणसाची आहे. कुत्रा फक्त बरोबर चालतो आहे.

एवढे साधल्यावर पुढच्याच क्षणी तो कुत्रा यमधर्म होतो आणि, माझ्या मते, कथेचे तिथे नुकसान होते. धर्म प्रगट झाला की कुत्रा नाहीसा होतो आणि त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्नही त्याच्याबरोबर जातो. नामदेवांच्या आख्यायिकेतही तेच. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा नामदेव आपल्याला दिसतो. त्या कुत्र्यात देव आहे हे कळल्यावर कुत्र्याकडे कुणी पाहत नाही.

होमरने मात्र डोळा मिटलेला नाही. 'ओडिसी'च्या सतराव्या सर्गात वीस वर्षांनी परतलेल्या धन्याला अर्गोस दिसतो तो शेणखताच्या ढिगावर, अंगभर गोचिडांनी भरलेला. तो शेपटी हलवतो, कान पाडतो, उठवत नाही. वेषांतर उघडे पडेल म्हणून ओडिसियसला त्याच्या अंगावरून हातही फिरवता येत नाही. डोळ्यांतले पाणी लपवून तो पुढे जातो. समीक्षक इथे कुत्र्याचे इमान मोजतात. मला गोचिडांचे मोल जास्त वाटते, कारण धनी नसताना त्या घराने त्या कुत्र्याचे काय केले, त्याची ती नोंद आहे.

आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये कुवेंपुंच्या 'मलेगळल्ली मदुमगळु' (१९६७) या कादंबरीत गुत्ती आणि हुलिया अशी जोडी आहे. गावाने त्या माणसाचे नावच 'नायिगुत्ती', म्हणजे 'कुत्रावाला गुत्ती', असे पाडले आहे. अखेरीस तुंगेच्या पुरात हुलिया जातो. सीमेवर राहूनही आपल्यापैकी फार थोड्यांनी ही कादंबरी वाचली असेल. पण हे मरणसुद्धा पुराचे, एकदाच येणारे. रोज थोडे थोडे येणारे नव्हे.

आता घरातली कुत्री लस टोचून, पोटभर खाऊन बारा-चौदा वर्षे जगतात, आणि म्हातारपणी जी दुखणी त्यांना नेतात त्यांत कॅन्सर फार वरचा आहे. मादीच्या आचळाला गाठ येते. जबड्याखालच्या ग्रंथी सुजतात. अशा लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर औषधोपचार न केल्यास बहुधा महिना-दोन महिने मिळतात. केल्यास अनेकांना वर्षभराच्या आसपास. बरे होणे विरळा. मोकाट कुत्र्यांत समागमातून पसरणारी एक गाठ तर अजब आहे. ती त्या कुत्र्याच्या स्वतःच्या पेशींची नसतेच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार आशियात चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका कुत्र्याच्या त्या पेशी आहेत. तो मेला, पेशी एका अंगातून दुसऱ्यात जात राहिल्या आणि पाचएकशे वर्षांपूर्वी माणसाच्या जहाजांतून अमेरिकेतही पोहोचल्या. माणूस आणि कुत्रा यांच्या सोबतीचा इतका जुना दस्तऐवज कोणत्या ग्रंथालयात मिळेल? यावरचे औषध व्हिन्क्रिस्टिन, आणि ते निघते आपल्या परसातल्या सदाफुलीतून. आठवड्याला एक अशी काही इंजेक्शने घेतली की बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात.

आजारी, नको झालेल्या कुत्र्याला सामोरी गेलेली मोठी आधुनिक कृती म्हणजे जे. एम. कुट्सी यांची 'डिसग्रेस' (१९९९). दक्षिण आफ्रिकेतला बडतर्फ प्राध्यापक ल्युरी एका प्राणी-दवाखान्यात बेव्ह शॉला नकोशा कुत्र्यांना दयामरण देण्यात हातभार लावतो. ताठरलेल्या पायांवर कामगार फावडी हाणतात म्हणून कलेवरे भट्टीत स्वतःच्या हाताने सारतो. शेवटी, त्याच्यावर जीव लावून बसलेले एक लंगडे कुत्रे आणखी आठवडाभर ठेवता येत असूनही तो ते सुईखाली देतो. या शेवटावर पुष्कळ लिहिले गेले. त्यात करुणेची पराकाष्ठा पाहणारे आहेत. मला ते पटत नाही. ल्युरीची सारी हळुवार काळजी मेलेल्या कुत्र्यांसाठी आहे. धर्मराजाची कसोटी लावली तर तो तिथेच अडतो. मात्र कुट्सींनी त्याला महात्मा केलेले नाही, कुत्र्यालाही धर्म केलेले नाही. कुत्रा कुत्राच राहतो, लंगडा. हे त्यांचे मोठेपण.

मराठीत हे अजून कुणी हाताळलेले माझ्या वाचनात नाही. पु. लं.चा 'पाळीव प्राणी' हसवतो, आणि त्याचे काम तेच आहे. पण सदाफुलीचे औषध दर आठवड्याला टोचून घ्यायचे तर त्या मोकाट कुत्र्याला कुणीतरी पकडून आणावे लागते, तोंडाला फडके बांधून धरावे लागते. शीर चुकून औषध बाहेर सांडले तर मांस सडते, म्हणून धरणाऱ्याला हलून चालत नाही. मालक नाही, इमानाचा करार नाही. गल्लीतला एखादा पानपट्टीवाला, नाहीतर नववीतले एखादे पोर. आपल्या कथाकारांनी या माणसाकडे जावे. पहिल्या दोन खेपांना कुत्रे बिस्किटावर भुलते. तिसऱ्या आठवड्याला ते त्या माणसाला लांबूनच ओळखते आणि पळत सुटते.